अमेरिकेत मूल सांभाळायला घरी बाई ठेवताना: ‘नॅनी टॅक्स’ पहिल्या दिवसापासून कसा हाताळावा

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये माझी बाळंतपणाची रजा संपली आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या घरी एक गुजराती बेन मुलीला सांभाळायला येऊ लागल्या. वय अठ्ठावन्न, ग्रीन कार्ड असलेल्या, मनाने प्रेमळ आणि वेळेच्या काटेकोर. आठवड्याचे सातशे डॉलर ठरले आणि दर शुक्रवारी संध्याकाळी मी ते पाकिटात घालून देत असे. पुण्यात आईने पोळ्यावाल्या बाईंशी जसा व्यवहार ठेवला होता, तसाच मी इथे ठेवला आणि त्यात काही चुकते आहे असे मला डिसेंबरपर्यंत वाटले नाही.

जानेवारीत ओळखीच्या एका अकाउंटंटने सल्ला दिला, “त्यांना १०९९ देऊन टाका, म्हणजे तुमची जबाबदारी संपली.” तो फॉर्म, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाला दिलेल्या पैशांचा दाखला, भरता भरता मी आयआरएसची (अमेरिकेच्या आयकर खात्याची) ‘पब्लिकेशन ९२६’ ही पुस्तिका वाचली, तेव्हा तो सल्ला चुकीचा असल्याचे लक्षात आले. सतरा आठवड्यांचे ११,९०० डॉलर मी पगार म्हणून दिले होते, त्यावरचा सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांचा कर, म्हणजे ‘नॅनी टॅक्स’चा मुख्य भाग, कापलेला नव्हता आणि आता त्यांचा व माझा असे दोन्ही हिस्से, म्हणजे १५.३ टक्के दराने १,८२० डॉलर, मलाच भरावे लागले. राज्याकडे उशिरा नोंदणी केल्याचा दंड वेगळा. पुढची अडीच वर्षे हा सगळा हिशेब मी स्वतः सांभाळला. या करात अवघड गणित नाही. बहुतेक गोंधळ बाई कामावर येण्यापूर्वीच्या आठवड्यात, पगाराची बोलणी होतात तेव्हाच सुरू होतो. त्यामुळे खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या तिन्हींना मी जास्त जागा दिली आहे.

१. बाई तुमची कर्मचारी आहे का, हे आधी ठरवा

आयआरएसची कसोटी साधी आहे. काय काम करायचे आणि ते कसे करायचे, यावर तुमचा ताबा असेल तर ती व्यक्ती तुमची कर्मचारी आहे. बाळाला किती वाजता भरवायचे, दुपारी कधी निजवायचे, बागेत न्यायचे की नाही, हे तुम्ही सांगता. घर, पाळणा आणि स्ट्रोलर तुमचे आहे. वेळ तुम्ही ठरवता. मग ती आठवड्यातून दोनच दिवस येत असली, तुम्ही तिला रोख देत असलात, किंवा ‘मला स्वतंत्र व्यावसायिक समजा’ असे तिने स्वतःच लिहून दिले असले, तरी त्याने काही फरक पडत नाही.

याउलट, आपल्याकडच्या अनेक काकू-मावशी स्वतःच्या घरी चार-पाच मुले सांभाळतात. तुम्ही मूल सकाळी त्यांच्याकडे सोडत असाल, तर तो त्यांचा व्यवसाय आहे. त्यांचा कर त्या भरतील आणि हा लेख तुम्हाला लागू होत नाही. एजन्सीच्या बाबतीतही नीट पाहा. बाईला पगार देणारी आणि तिच्या कामावर देखरेख ठेवणारी एजन्सी असेल तर मालक ती एजन्सी. पण एजन्सीने एकरकमी फी घेऊन फक्त बाई मिळवून दिली असेल, तर मालक तुम्हीच. दोन कुटुंबे मिळून एक बाई ठेवतात, तेव्हा साधारणपणे दोन्ही कुटुंबे वेगवेगळे मालक ठरतात आणि दोघांनाही आपापला हिशेब ठेवावा लागतो.

येथे दोन सापळे आहेत. पहिला १०९९ चा. तो फॉर्म दिल्यास मालकाचा अर्धा हिस्साही बाईच्या माथी जातो, कारण स्वयंरोजगाराच्या नावाखाली पूर्ण १५.३ टक्के तिलाच भरावे लागतात. तिने किंवा राज्याने हरकत घेतली तर चुकीच्या वर्गीकरणाची जबाबदारी तुमच्यावर येते. दुसरा सापळा ज्यांची स्वतःची कन्सल्टिंग एलएलसी आहे त्यांच्यासाठी. घरी मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार हा कंपनीचा खर्च नव्हे. तो कंपनीच्या पगारपत्रकात घालून वजावट घेणे नियमात बसत नाही, मग तुमचा शेजारी दहा वर्षे तसे करत असला तरी.

२. कामाची परवानगी तपासा आणि आय-९ भरा

हा भाग आपल्या समाजात सर्वांत जास्त टाळला जातो. एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या व्यक्तीकडे काम करण्याचे परवानापत्र नसेल, तर तिला पगार देऊन कामावर ठेवता येत नाही. मुलांना भेटायला आलेल्या कुणाच्या सासूबाई बी-२ या पर्यटक व्हिसावर असतील, तर त्यांनाही नाही. “फक्त तीन महिने तर आहेत, आणि घरातच तर आहेत” हे युक्तिवाद मी अनेकदा ऐकले आहेत, पण त्यातल्या जोखमीचा मोठा वाटा त्या बाईच्या व्हिसावर पडतो, तुमच्यावर नाही, एवढे तरी लक्षात घ्यावे.

आय-९ म्हणजे बाईची ओळख आणि कामाची परवानगी तपासल्याची नोंद करणारा फॉर्म. त्याचा पहिला भाग बाईने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा असतो. दुसरा भाग तुम्ही तिची मूळ कागदपत्रे पाहून पहिल्या दिवसानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत भरायचा असतो. कोणती कागदपत्रे दाखवायची हे ती ठरवते; फॉर्मच्या यादीतली असली म्हणजे झाले, ‘मला ग्रीन कार्डच दाखवा’ असा आग्रह तुम्हाला धरता येत नाही. हा फॉर्म कुठेही पाठवायचा नसतो, घरी फाइलमध्ये ठेवायचा असतो. कामाला लागल्यापासून तीन वर्षे किंवा काम सोडल्यापासून एक वर्ष, यांतली जी तारीख नंतर येईल तोपर्यंत तो जपावा लागतो.

बाईकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक असल्याची खात्रीही याच वेळी करून घ्या. तो नसलेल्यांना मिळणारा करदात्याचा आयटीआयएन क्रमांक डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या आणि कपातीच्या दाखल्यावर, चालत नाही.

३. पगार बोलताना ‘हातात किती’ हा शब्दच काढू नका

माझी सर्वांत महागडी चूक ही होती. आपल्याकडे पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम. बाई विचारते, “हातात किती देणार?” आपण सांगतो, “आठशे.” इथे कराराची रक्कम नेहमी कपातीपूर्वीची आणि तासाच्या दराने ठरवायची असते. हातात आठशे द्यायचे कबूल केलेत, तर केवळ सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर धरूनच कपातीपूर्वीचा पगार ८६६ डॉलर २७ सेंट होतो. त्यात राज्याची कपात आणि आयकर मिळवला की तो आणखी वाढतो. आकडा दर वर्षी बदलतो आणि प्रत्येक वेळी वाढीव बोजा तुमच्यावर येतो.

आठवड्याला ठोक रक्कम ठरवण्यातही अडचण आहे. फेडरल (केंद्र सरकारच्या) कायद्याप्रमाणे आठवड्यात चाळीस तासांपेक्षा जास्त काम झाले की पुढच्या प्रत्येक तासाला दीडपट दर द्यावा लागतो. बाई तुमच्याच घरी राहत असेल तर फेडरल कायद्यात या दीडपटीतून सूट आहे, पण राज्याचा नियम वेगळा असू शकतो. माझ्या सातशे डॉलरमध्ये पंचेचाळीस तास होते आणि वरच्या पाच तासांचा हिशेबच नव्हता. पुढे आम्ही तो असा मांडला:

- तासाला २२ डॉलर, चाळीस तासांचे ८८०
- वरच्या पाच तासांना ३३ डॉलरप्रमाणे १६५
- आठवड्याचा एकूण पगार १,०४५
- बेनच्या पगारातून ७.६५ टक्के कपात ७९.९४, आणि तेवढेच माझ्या खिशातून

म्हणजे आयकर आणि राज्याची कपात होण्यापूर्वी बेनच्या हातात ९६५ डॉलर ६ सेंट पडत. वर्षाला पन्नास आठवडे धरले तर पगार ५२,२५० डॉलर आणि माझा ७.६५ टक्क्यांचा हिस्सा ३,९९७ डॉलर होतो. राज्याचा बेकारी विमा आणि कामगार अपघात विमा मिळवून न्यू जर्सीत मी साधारणपणे पगाराच्या दहा टक्के वरचा खर्च धरून चालत असे. बाई परवडते की डेकेअर, हा निर्णय या दहा टक्क्यांसकट करा.

बेन सुरुवातीला रोखीवर ठाम होत्या. “कागद नको, त्रास नको,” एवढेच म्हणत. त्यांचे मन बदलले ते त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या खात्याचे पान आम्ही दोघींनी एकत्र पाहिले तेव्हा. निवृत्तीचे मासिक वेतन आणि पासष्टीनंतर रुग्णालयाचा विनाहप्ता मेडिकेअर मिळण्यासाठी साधारणपणे चाळीस क्रेडिट लागतात, आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. त्यांच्या खात्यावर सव्वीस होती. त्याआधी काही वर्षे त्यांनी रोखीने काम केले होते, त्या वर्षांसमोर शून्य लिहिलेले होते. त्या शून्यांवर बोट ठेवून बेन बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “आ बधी मेहनत तो करी हती.” (ही सगळी मेहनत तर केली होती.) २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट मिळत होते; पूर्ण वेळ काम करणाऱ्या बाईची चारही क्रेडिट पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जमण्याइतकी कमाई होते. तुमच्या बाईलाही हे पान दाखवा. माझ्या सगळ्या समजावणीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

हे ठरले की करार लेखी करा: दर, तास, सुट्ट्या, आजारपणाची रजा, पगाराचा वार, काम थांबवायचे असल्यास किती दिवस आधी सांगायचे. न्यू जर्सीत घरकामगारांच्या हक्कांचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आहे आणि त्यात लेखी करार बंधनकारक आहे. राज्याचे किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १५.४९ डॉलर होते, २०२६ साठी ते १५.९२ आहे. आणखी एक, महिन्याच्या एक तारखेला पगार देण्याची आपली सवय येथे चालत नाही. न्यू जर्सीत महिन्यातून किमान दोनदा पगार द्यावा लागतो.

४. कोणता कर, कोणाचा, किती

कॅलेंडर वर्षात एका बाईला दिलेला रोख पगार ठरावीक रकमेला पोचला की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागू होते. ही मर्यादा २०२५ साठी २,८०० आणि २०२६ साठी ३,००० डॉलर आहे. मर्यादा गाठली की कर पहिल्या डॉलरपासून लागतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. दर सोशल सिक्युरिटीचा ६.२ आणि मेडिकेअरचा १.४५ टक्के, दोघांचाही सारखाच. तिचा हिस्सा तुम्ही स्वतःच्या खिशातून भरू शकता; मात्र तशी भरलेली रक्कम आयकरासाठी तिचे उत्पन्न धरली जाते.

‘रोख’ या शब्दाने फसू नका. चेक, झेल किंवा व्हेन्मो (फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवा) हे सगळे त्यात आले. दुपारचे जेवण किंवा राहायला दिलेली खोली त्यात येत नाही. दिवाळीला साडी दिलीत तर ती या हिशेबात धरत नाहीत, पण पाचशे डॉलरचे पाकीट हा पगारच आहे, आणि गिफ्ट कार्ड हे पाकिटासारखेच समजावे. बाई स्वतःच्या गाडीने मुलाला शाळेत नेत असेल, तर मैलामागे आयआरएसच्या दराने (२०२५ मध्ये ७० सेंट) नोंद ठेवून दिलेला खर्च पगारात येत नाही.

दुसरा कर फेडरल बेकारी कराचा, ज्याला फ्यूटा म्हणतात. चालू किंवा मागच्या वर्षातल्या एखाद्या तिमाहीत घरकामगारांना मिळून १,००० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर तो लागू होतो. पगाराच्या पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के, पण राज्याचा बेकारी विमा वेळेत भरलात तर ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळून ०.६ टक्के, म्हणजे माणशी ४२ डॉलर उरतात. हा कर पूर्णपणे मालकाचा आहे, बाईच्या पगारातून कापायचा नाही. एखाद्या राज्याने फेडरल निधीचे कर्ज फेडले नसेल तर ही सूट कमी होते. २०२४ साठी कॅलिफोर्नियातल्या मालकांना याच कारणाने ४२ ऐवजी १०५ डॉलर भरावे लागले.

फेडरल आयकर कापणे तुम्हाला बंधनकारक नाही. बाईने विनंती केली आणि तुम्ही मान्य केलेत तरच तिच्याकडून डब्ल्यू-४ (किती आयकर कापायचा ते ठरवणारा फॉर्म) भरून घेऊन कापायचा. माझे मत, कापावा. नाहीतर एप्रिलमध्ये तिला एकदम तीन-चार हजार भरावे लागतात आणि तो राग तुमच्यावर निघतो.

आजीचे काय, हा प्रश्न हमखास येतो. नोकरी करण्याची परवानगी असलेल्या स्वतःच्या आईला पगार दिलात, तर बहुतेक वेळा सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि फ्यूटा लागत नाही. मूल अठरा वर्षांखालचे असून तुम्ही घटस्फोटित किंवा विधवा-विधुर असाल, किंवा जोडीदार आजारामुळे मुलाची काळजी घेऊ शकत नसेल, तर मात्र सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागू शकते. पर्यटक व्हिसावर आलेल्या आजीने नातवंडाला खेळवणे हा पगाराचा विषयच नाही, आणि तो तसाच राहू द्यावा.

या कराचे आजचे रूप एका जुन्या प्रकरणानंतर आले. १९९३ च्या जानेवारीत झोई बेअर्ड यांना अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलपदाच्या उमेदवारीतून माघार घ्यावी लागली. त्यांनी घरी कामाला ठेवलेल्या जोडप्याकडे कामाचा परवाना नव्हता आणि त्यांचा सोशल सिक्युरिटी करही भरलेला नव्हता. तोपर्यंत तिमाहीला फक्त पन्नास डॉलर दिले तरी हा कर लागत असे, आणि तो पाळणारे थोडेच. १९९४ च्या कायद्याने ती मर्यादा वर्षाला १,००० डॉलर केली आणि हा कर मालकाच्या वार्षिक आयकर विवरणात आणून बसवला. आज आपल्याला तिमाही फॉर्म भरावा लागत नाही, तो त्यामुळे.

५. दोन नोंदण्या: फेडरल आणि राज्याची

फेडरल नोंदणी म्हणजे ईआयएन, मालकाचा ओळख क्रमांक. आयआरएसच्या संकेतस्थळावर ‘हाउसहोल्ड एम्प्लॉयर’ हा पर्याय निवडला की दहा मिनिटांत क्रमांक मिळतो आणि तो विनामूल्य असतो. शोधयंत्रात सर्वांत वर येणारी काही खासगी संकेतस्थळे याच कामाचे पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी .gov ही सरकारी खूण आहे का ते पाहा. पती-पत्नींपैकी एकाच्याच नावाने क्रमांक घ्या आणि पुढचे सर्व कागद त्याच नावाने ठेवा. मी राज्याची नोंदणी नवऱ्याच्या नावाने केली होती. ती दुरुस्त करायला तीन पत्रे आणि दोन महिने लागले.

राज्याची नोंदणी प्रत्येक ठिकाणी वेगळी. न्यू जर्सीत एनजे-आरईजी अर्ज करावा लागतो, बाईच्या पगारातून बेकारी, अपंगत्व आणि कौटुंबिक रजा विम्याचा तिचा छोटा हिस्सा कापावा लागतो आणि घरगुती मालकांसाठी असलेला एनजे-९२७-एच हा फॉर्म वर्षातून एकदा भरावा लागतो. कॅलिफोर्नियात एका तिमाहीत ७५० डॉलर दिले की नोंदणी आवश्यक होते. टेक्सास, वॉशिंग्टन, फ्लोरिडा येथे राज्याचा आयकर नाही, पण बेकारी कर आहे, हे तेथे राहणारे बरेच जण विसरतात. याशिवाय नव्या कर्मचाऱ्याची माहिती राज्याच्या नोंदवहीत साधारण वीस दिवसांच्या आत कळवावी लागते, काही राज्यांत त्याहून लवकर.

कामगार अपघात विम्याबद्दल घराच्या विमा एजंटला थेट विचारा. न्यू जर्सीत तो आवश्यक आहे, टेक्सासमध्ये खासगी मालकाला सक्तीचा नाही. बाळाला कडेवर घेऊन जिना उतरताना पाय मुरगळणे ही कल्पनेतली गोष्ट नव्हे.

बाई येण्यापूर्वी फाइलमध्ये काय असावे

- दोघांच्या सह्यांचा लेखी करार
- आय-९ (मूळ कागदपत्रे पाहिल्याच्या नोंदीसह)
- सोशल सिक्युरिटी कार्डावर जसे आहे तसेच लिहिलेले बाईचे नाव आणि क्रमांक
- डब्ल्यू-४, आयकर कापायचे ठरले असल्यास
- ईआयएनचे पत्र आणि राज्याच्या नोंदणीचा क्रमांक
- अपघात विम्याचे प्रमाणपत्र
- तास लिहिण्याचा तक्ता

६. दर आठवड्याचा हिशेब

आमच्या फ्रिजवर शनिवारवाड्याच्या मॅग्नेटखाली एक कागद असे: वार, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, एकूण तास, सही. बेन वेळ गुजराती आकड्यांत लिहीत. त्यांचा पाच मला पहिल्या आठवड्यात ‘प’ वाटला आणि ‘प वाजून दहा मिनिटे’ म्हणजे काय याचा मी बराच विचार केला. त्या कागदाचा दर शुक्रवारी फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकायचा, आणि बेनना पगाराची चिठ्ठी द्यायची, ज्यात तास, दर, एकूण पगार, प्रत्येक कपात आणि हातात पडलेली रक्कम वेगवेगळी लिहिलेली असे. पैसे मी चेकने देऊ लागले, कारण चेकची नोंद आपोआप राहते.

हा हिशेब ठेवून देणाऱ्या खासगी सेवा आहेत. आठवड्याचे तास दरवेळी बदलत असतील किंवा राज्य किचकट असेल तर त्यांची फी वसूल होते. पण सही तुमची आणि जबाबदारीही तुमचीच राहते. रोजगार कराची कागदपत्रे आयआरएससाठी किमान चार वर्षे ठेवावीत. न्यू जर्सीत पगाराच्या नोंदी सहा वर्षे.

७. पैसे वर्षभरात भरत राहा

कापलेली रक्कम आणि तुमचा हिस्सा एप्रिलपर्यंत बँकेत तसाच ठेवलात, तर कर कमी भरल्याचा दंड लागू शकतो. दोन मार्ग आहेत. एक, १०४०-ईएस या फॉर्मने एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीच्या पंधरा तारखेला अंदाजे हप्ते भरणे. दुसरा मार्ग मला जास्त आवडला: स्वतःच्या नोकरीतला डब्ल्यू-४ बदलून प्रत्येक पगारातून जादा कर कापून घेणे. मला महिन्यातून दोनदा पगार मिळत असे; प्रत्येक वेळी ३४० डॉलर जास्त कापले की बेनच्या पगारावरच्या दोन्ही हिश्शांचे वर्षाचे ८,००० डॉलर भरून थोडे वर उरत. तारखा लक्षात ठेवण्याची कटकट नाही.

८. जानेवारी

३१ जानेवारीपर्यंत बाईच्या हातात डब्ल्यू-२ पडला पाहिजे आणि त्याच तारखेपर्यंत त्याची प्रत डब्ल्यू-३ सह सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे गेली पाहिजे. प्रशासनाच्या ‘बिझनेस सर्व्हिसेस ऑनलाइन’ या सोयीवर दोन्ही एकदम होतात. खाते उघडून ओळख पटवायला वेळ लागतो, म्हणून हे काम डिसेंबरमध्येच उरका. मालकाच्या क्रमांकाच्या जागी ईआयएन लिहायचा, स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हे. बाईने मार्चमध्येच काम सोडले असले तरी डब्ल्यू-२ द्यावाच लागतो.

९. एप्रिल: शेड्यूल एच, आणि परत मिळणारे पैसे

शेड्यूल एच हा तुमच्या १०४० ला, म्हणजे वार्षिक आयकर विवरणाला, जोडायचा दोन पानांचा फॉर्म. सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, कापलेला आयकर आणि फ्यूटा या सगळ्यांची बेरीज इथे होऊन तुमच्या एकूण करात मिळवली जाते. वर्षभर नोंदी ठेवल्या असतील तर अर्ध्या तासाचे काम.

आता परताव्याकडे. पगार कागदावर असेल तरच तेरा वर्षांखालच्या मुलाच्या सांभाळाचा खर्च फॉर्म २४४१ वर दाखवता येतो, कारण तिथे बाईचा सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात. एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो आणि बहुतेक दोन पगारांच्या घरांना २०२५ पर्यंत त्याच्या वीस टक्के सूट मिळत आली आहे. त्याहून फायद्याचे तुमच्या कंपनीतले डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलांच्या सांभाळासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवण्याचे खाते: त्यात २०२५ पर्यंत ५,००० आणि २०२६ पासून ७,५०० डॉलर करमुक्त ठेवता येतात. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर पाच हजारांवर नुसत्या फेडरल आयकरात १,२०० डॉलर वाचतात. एकाच खर्चावर दोन्ही फायदे मिळत नाहीत, आणि दोन्हींसाठी पती-पत्नी दोघांचेही उत्पन्न असावे लागते. एक जण पूर्ण वेळ शिकत असेल किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर अपवाद आहे.

उशीर झालाच असेल तर

गेल्या वर्षांचा कर भरला नसेल, तर आयआरएसचे पत्र येण्याची वाट पाहू नका. त्या वर्षाचे विवरण दिलेले असेल तर १०४०-एक्स (दुरुस्त विवरण) सोबत शेड्यूल एच जोडून पाठवता येतो. बाईचा हिस्सा त्या वेळी कापला नसला तरी तो भरण्याची जबाबदारी तुमची राहते. “इतक्या वर्षांत कोणी विचारले नाही” असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत प्रकरण बहुधा एकाच वाटेने उघडकीस येते: बाईचे काम सुटते, ती राज्याकडे बेकारी भत्त्याचा अर्ज करते, अर्जात शेवटच्या मालकाचे नाव लिहिते आणि राज्याच्या नोंदीत तो मालक सापडत नाही. यात तिचा काहीच दोष नसतो.

काम थांबते तेव्हा

न्यू जर्सीत करारात ठरलेली पूर्वसूचना द्या, शेवटचा पगार राहिलेल्या तासांसकट चुकता करा, राज्याला हे शेवटचे विवरण असल्याचे कळवा. नाहीतर पुढच्या वर्षीही फॉर्म का आला नाही म्हणून नोटीस येते. आणि बाईचा पुढचा पत्ता लिहून घ्या. बेन २०२५ च्या जूनमध्ये मुलीकडे डॅलसला गेल्या. त्यांचा डब्ल्यू-२ मी जानेवारीत तिकडे टपालाने पाठवला, आणि आठवड्याभरात फोन आला. पाकीट मिळाल्याचे सांगून त्यांनी विचारले की आता खात्यावर बेचाळीस क्रेडिट दिसतील ना, आणि मग तिथल्या नव्या घरच्या मालकीणबाईंना ईआयएन कुठे मिळतो ते समजावून सांगशील का, म्हणून फोन त्यांच्याच हातात दिला.